चालू मशीन आणि लिहून ठेवलेलं मशीन

मेमरी वाढवायची कमांड दिली, ती बिनतक्रार चालली, मशीन रीबूट केलं, आणि आत जाऊन पाहिलं तर मेमरी होती तेवढीच. किंवा याच्या नेमकं उलट: नवी डिस्क जोडली, तिच्यावर डेटा भरला, महिनाभर सगळं सुरळीत चाललं, आणि एके दिवशी मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिस्क गायब. कमांड लाइनवरून व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्यांची या दोनपैकी एका प्रसंगाशी कधी ना कधी गाठ पडतेच.

दोन्हींचं मूळ एकच आहे. केव्हीएमची (लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनची) मशीन लिबव्हर्ट या ती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत चालवत असाल, तर चालू मशीनच्या सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक प्रत आत्ता चालू असलेल्या क्यूएमू प्रोसेसची, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची. दुसरी प्रत डिस्कवर लिहून ठेवलेली, मशीन पुढच्या वेळी सुरू होताना वाचली जाणारी. मशीन बंद असतं तेव्हा फक्त दुसरी उरते. ‘व्हर्श’ या कमांडने तुम्ही जे काही बदलता ते यातल्या एका प्रतीत जातं, किंवा दोन्हींत, आणि कुठल्या ते तुम्ही सांगितलं नाही तर लिबव्हर्ट ठरवतं. हा एवढा भेद डोक्यात पक्का बसला की व्हर्शचं निम्मं कोडं सुटतं, म्हणून बाकी सगळं मी याच धाग्याने लावणार आहे. कमांडची आणि फ्लॅगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन स्पेलिंगने टंकायची. उदाहरणातल्या मशीनचं नाव ‘वेब१’.

सुरुवातीलाच एक तपासणी करून टाका. ‘व्हर्श लिस्ट --ऑल’ दिल्यावर यादी रिकामी आली आणि मशीन तर चालू आहेत, असं झालं तर घाबरू नका. साध्या युजरने व्हर्श चालवलं की ते डिफॉल्टने त्या युजरच्या स्वतःच्या ‘सेशन’ कनेक्शनला जोडलं जातं. मशीन मात्र ‘सिस्टिम’ कनेक्शनखाली असतात. ‘-सी’ फ्लॅगने सिस्टिमचा यूआरआय द्या, किंवा शेलच्या प्रोफाइलमध्ये ‘लिबव्हर्ट_डिफॉल्ट_यूआरआय’ हे व्हेरिएबल कायमचं बसवा. हे न करता सेशनमध्येच नव्याने मशीन बनवत बसलात, तर एकाच नावाची दोन मशीन दोन वेगळ्या ठिकाणी तयार होतात आणि मग गोंधळाला पारावार राहत नाही.

तीन फ्लॅग, आणि न दिलेला फ्लॅग

‘--लाइव्ह’ फक्त चालू प्रोसेस बदलतो. ‘--कॉन्फिग’ फक्त लिहून ठेवलेली प्रत बदलतो. दोन्ही एकत्र दिले की दोन्ही प्रती बदलतात, आणि चालू मशीनवर बहुतेक वेळा तेच हवं असतं. तिसरा ‘--करंट’: मशीन चालू असेल तर लाइव्ह, बंद असेल तर कॉन्फिग.

अडचण इथे आहे की काहीच फ्लॅग दिला नाही तर ‘सेटमेम’, ‘अटॅच-डिस्क’, ‘अटॅच-इंटरफेस’ अशा बऱ्याच कमांड चालू मशीनवर फक्त चालू प्रत बदलतात. म्हणजे बदल मशीन बंद होईपर्यंतच टिकतो, आणि तीच ओळ बंद मशीनवर चालवली तर मशीन चालू नसल्याची एरर येऊ शकते. वर सांगितलेली गायब झालेली डिस्क ती हीच. स्क्रिप्टमध्ये फ्लॅग न लिहिणं मी चूकच मानतो, कारण ती स्क्रिप्ट चालेल तेव्हा मशीन कुठल्या अवस्थेत असेल हे लिहिताना माहीत नसतं.

‘व्हर्श एडिट’ मात्र नेहमी लिहून ठेवलेलीच प्रत उघडतं, मशीन चालू असो वा नसो. ‘ऑटोस्टार्ट’ला यातलं काही लागू नाही, ती वेगळी नोंद आहे.

कुठल्या प्रतीत काय आहे ते एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात बघायला ‘डंपएक्सएमएल’. चालू मशीनवर ते चालू प्रत दाखवतं; ‘--इनअ‍ॅक्टिव्ह’ जोडलं की लिहून ठेवलेली. दोन्ही दोन फाइलींत काढून त्यांचा डिफ घेतला की कुठला बदल अडकून पडलाय ते दिसतं. डिफमध्ये कचरा बराच येईल, कारण चालू प्रतीत एलियस, सीलेबल, ‘व्हीनेट०’सारखी इंटरफेसची नावं असं चालू असतानाच तयार होणारं पुष्कळ काही असतं. तिकडे दुर्लक्ष करून मेमरी, व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर), डिस्क आणि इंटरफेस एवढ्याच भागांवर नजर फिरवा.

कधी कधी ‘--कॉन्फिग’ दिल्यावर एरर येते की ट्रान्झियंट (तात्पुरत्या) डोमेनला, म्हणजे मशीनला, कायमचं कॉन्फिग नसतं. असं मशीन ‘डिफाइन’ऐवजी ‘क्रिएट’ने सुरू केलेलं असतं, आणि त्याची लिहून ठेवलेली प्रत मुळात नसतेच. ‘डॉमइन्फो’मध्ये ‘पर्सिस्टंट’ या ओळीसमोर ‘नो’ दिसेल. ते बंद झालं की यादीतूनच जातं. तेव्हा ते चालू असतानाच एक्सएमएल काढून घ्या आणि ‘डिफाइन’ करून टाका.

रीबूट म्हणजे बंद करून सुरू करणं नव्हे

‘--कॉन्फिग’ने केलेला बदल लागू कधी होतो? जुनी क्यूएमू प्रोसेस संपून नवी सुरू होते तेव्हा. गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, आतून रीबूट केलं तर गेस्टची सिस्टिम नव्याने बूट होते, पण बाहेरची क्यूएमू प्रोसेस तीच राहते. ‘व्हर्श रीबूट’चंही तसंच. म्हणून पहिल्या प्रसंगात मेमरी वाढली नाही. करायचं ते असं: ‘व्हर्श शटडाउन वेब१’, मग ‘डॉमस्टेट’ने मशीन खरोखर ‘शट ऑफ’ झालंय याची खात्री, आणि मग ‘स्टार्ट’. शटडाउन ही नुसती विनंती असते. कमांड लगेच परत येते, गेस्ट आपल्या सवडीने बंद होतो. गेस्टने एसीपीआयच्या (विजेचं व्यवस्थापन करणाऱ्या मानकाच्या) पॉवर बटणाकडे लक्षच दिलं नाही तर तो बंद होणारही नाही. तेवढ्यावरून ‘डिस्ट्रॉय’कडे धावू नका. डिस्ट्रॉयने मशीनची व्याख्या किंवा डिस्क पुसली जात नाही हे खरं, पण ते चालू कॉम्प्युटरची वायर उपटण्यासारखं आहे, डेटाबेस चालू असेल तर फारच वाईट. आधी गेस्टमध्ये क्यूएमू गेस्ट एजंट बसवा आणि शटडाउनला ‘--मोड एजंट’ देऊन पाहा.

याहून छुपा सापळा म्हणजे ‘मॅनेज्ड सेव्ह’. होस्ट, म्हणजे मशीन ज्यावर चालतात तो खरा कॉम्प्युटर, बंद होताना ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सर्व्हिस मशीनचं काय करायचं ते ठरवते, आणि तिथे ‘सस्पेंड’ असं सेटिंग असेल तर गेस्ट बंद केले जात नाहीत; त्यांची सगळी मेमरी एका फाइलमध्ये साठवली जाते. होस्ट परत आल्यावर ‘स्टार्ट’ म्हणताच मशीन त्या फाइलमधून जिथल्या तिथे उठतं. या फाइलमध्ये मेमरीसोबत त्या क्षणाची सेटिंगही असते. त्यामुळे अख्खा होस्ट रीबूट झाला तरी तुमचा ‘--कॉन्फिग’ बदल लागू झालेला नसतो. मेमरीत जे उपकरण अस्तित्वात आहे त्याच्याशी जुळणारीच सेटिंग लागणार, हे उघडच आहे. ‘डॉमइन्फो’मध्ये ‘मॅनेज्ड सेव्ह’ समोर ‘येस’ असेल तर मशीन आधी त्या स्थितीतून उठवा, आतून व्यवस्थित बंद करा, मग सुरू करा. ‘मॅनेज्डसेव्ह-रिमूव्ह’ने फाइल काढून टाकता येते, पण गेस्टच्या दृष्टीने ती वीज गेल्यासारखीच गोष्ट आहे.

मेमरी: आकड्यामागचं अक्षर

एक्सएमएलमध्ये मेमरीचे दोन आकडे असतात. ‘मेमरी’ म्हणजे कमाल मर्यादा, ‘करंटमेमरी’ म्हणजे सध्या गेस्टला मिळणारी. पहिली बदलते ‘सेटमॅक्समेम’, आणि चालू क्यूएमू मशीनवर ती बदलता येत नाही, फक्त ‘--कॉन्फिग’. दुसरी बदलते ‘सेटमेम’, आणि ती चालू मशीनवरही चालते, मर्यादेच्या आत राहून. ४ जीवरून ८ जीवर जायचं असेल तर आधी ‘सेटमॅक्समेम वेब१ ८जी --कॉन्फिग’, मग ‘सेटमेम वेब१ ८जी --कॉन्फिग’, मग बंद करून सुरू. दुसरी पायरी विसरली तर मशीन ८ जीच्या मर्यादेने उठतं, पण बलून (गेस्टमधली मेमरी होस्टला परत देणारी सोय) फुगून वरचे ४ जी परत घेतो, आणि गेस्टमध्ये आकडा जुनाच दिसतो. लोक इथे कमांड चुकली असं समजून तीच पहिली कमांड पुन्हा पुन्हा देत राहतात.

आता एकक. ‘सेटमेम’ला नुसता आकडा दिला तर तो किबीबाइटमध्ये मोजला जातो. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम’मध्ये मेमरीचा आकडा मेगाबाइटमध्ये असतो, ‘व्हर्ट-इन्स्टॉल’ आणि ‘व्हर्ट-एक्सएमएल’मध्येही मेबीबाइटमध्ये. त्या सवयीने कोणी ‘व्हर्श सेटमेम वेब१ २०४८ --लाइव्ह’ असं टंकलं, तर त्याने मशीनला २ जी नव्हे, २ एमबी मेमरीवर यायला सांगितलेलं असतं. पुढे काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गेस्टमधला बलून ड्रायव्हर आपल्याच कर्नलकडे मेमरीची पानं मागू लागतो आणि मिळालेली होस्टला परत देतो. आधी मोकळी मेमरी जाते, मग फाइलींची कॅश. मग स्वॅप भरायला लागतो. त्यानंतर कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि एकेक प्रोसेस मारू लागतो, सहसा सगळ्यात जास्त मेमरी घेणारी आधी, म्हणजे नेमका तुमचा डेटाबेस. एसएसएचचं सेशन गोठतं. अशा वेळी गेस्टमध्ये शिरायची धडपड करू नका. होस्टवरूनच ‘सेटमेम वेब१ २जी --लाइव्ह’ द्या; बलून सैल पडतो आणि गेस्ट बऱ्याचदा सावरतो. मारल्या गेलेल्या सर्व्हिस मात्र हाताने उठवाव्या लागतात. सोबत ‘--कॉन्फिग’ही दिला असेल तर तोही लगेच दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या सुरुवातीला बलून ड्रायव्हर लोड झाला की हाच प्रकार पुन्हा.

म्हणून आकड्यामागे अक्षर लावल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. त्यातही ‘जी’ किंवा ‘जीआयबी’ म्हणजे १०२४च्या पटीत, आणि ‘जीबी’ लिहिलं तर १०००च्या पटीत.

बलूनचा उपयोग होण्यासाठी गेस्टमध्ये त्याचा ड्रायव्हर हवा. लिनक्समध्ये तो सहसा असतोच, विंडोजमध्ये व्हर्टआयओचे (गेस्टसाठीच्या व्हर्च्युअल उपकरणांचे) ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात. ड्रायव्हर नसेल तर ‘सेटमेम’ चालल्यासारखं वाटतं, पण होत काहीच नाही. खरी स्थिती ‘डॉममेमस्टॅट’मधल्या ‘अ‍ॅक्चुअल’ या ओळीत दिसते. गेस्टच्या आतले आकडे ताजे हवे असतील तर आधी ‘--पीरियड ५’ देऊन दर पाच सेकंदांनी माहिती गोळा करायला सांगावं लागतं. ग्राफिक्स कार्डासारखं खरं उपकरण व्हीएफआयओने गेस्टला थेट दिलं असेल, तर बलूनचा विषयच सोडा. अशा गेस्टची सगळी मेमरी होस्टमध्ये जखडलेली असते.

प्रोसेसर

इथेही कमाल आणि सध्याचा असे दोन आकडे, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. ‘व्हीसीपीयूकाउंट’ या चारही गोष्टी चार ओळींत दाखवते, म्हणूनच व्हर्शची रचना समजून घ्यायला ही कमांड सगळ्यात चांगली. समजा असं दिसलं: मॅक्सिमम कॉन्फिग ८, मॅक्सिमम लाइव्ह ४, करंट कॉन्फिग ६, करंट लाइव्ह ४. याचा अर्थ, कोणीतरी कमाल ८ आणि सध्याचे ६ असं लिहून ठेवलंय, पण मशीन तेव्हापासून बंद होऊन सुरू झालेलं नाही. आत्ता ‘सेटव्हीसीपीयूज वेब१ ६ --लाइव्ह’ दिलं तर ते नाकारलं जाईल, कारण चालू प्रोसेसची कमाल ४च आहे.

यावरून एक सल्ला. मशीन बनवतानाच कमाल थोडी सढळ ठेवा आणि सध्याचा आकडा लागेल तेवढा. ‘सेटव्हीसीपीयूज वेब१ ८ --मॅक्सिमम --कॉन्फिग’, मग ‘सेटव्हीसीपीयूज वेब१ ४ --कॉन्फिग’. नंतर ताण आला की ‘--लाइव्ह’ने चालू मशीनमध्येच वाढवता येतात. काही लिनक्स गेस्टमध्ये नवा सीपीयू दिसतो पण ऑफलाइन असतो; सिसएफएसमध्ये त्या सीपीयूच्या ‘ऑनलाइन’ फाइलीत १ लिहून तो जागा करावा लागतो. कमी करणं मात्र अवघड. बूट होतानाच असलेले सीपीयू सहसा काढता येत नाहीत. ‘--गेस्ट’ फ्लॅगने एजंटमार्फत गेस्टला ते ऑफलाइन करायला लावता येतं, पण ती गेस्टच्या आतली गोष्ट झाली. रीबूटनंतर ते परत येतात.

कमाल बदलताना टोपॉलॉजी न जुळल्याची एरर आली तर एक्सएमएलमधला सीपीयूचा भाग बघा. तिथे सॉकेट, कोअर आणि थ्रेड दिलेले असतील तर त्यांचा गुणाकार कमाल आकड्याइतकाच भरला पाहिजे. १ सॉकेट, ४ कोअर, १ थ्रेड लिहिलेलं असताना कमाल ८ करता येणार नाही. ‘एडिट’मध्ये जाऊन दोन्ही एकाच वेळी बदलायचं.

डिस्क

यातली पहिली चूक इतकी महाग आहे की ती नीट सांगतो. ‘अटॅच-डिस्क’ला क्यूकाउ२ या गरजेप्रमाणे वाढणाऱ्या डिस्क फॉरमॅटची फाइल दिली आणि ‘--सबड्रायव्हर क्यूकाउ२’ लिहायचं राहिलं, तर लिबव्हर्ट ती फाइल ‘रॉ’, म्हणजे वेगळा फॉरमॅट नसलेली सरळ डिस्क, समजतं. फाइलीचं नाव क्यूकाउ२ने संपतंय म्हणून ते ओळखत नाही, आणि मजकूर वाचून अंदाजही बांधत नाही. तसं न करण्यामागे सुरक्षेचं चांगलं कारण आहे: रॉ डिस्क असलेल्या गेस्टने आपल्याच डिस्कच्या सुरुवातीला क्यूकाउ२चा खोटा हेडर लिहिला आणि बॅकिंग (आधाराची) फाइल म्हणून होस्टवरच्या एखाद्या गुप्त फाइलीचं नाव टाकलं, तर अंदाज बांधणारा होस्ट ती फाइल त्याच्या हातात देईल. म्हणून फॉरमॅट तुम्हीच सांगायचा.

सांगितला नाही तर? २० जीची नवी, रिकामी क्यूकाउ२ फाइल होस्टवर फक्त काहीशे केबीची असते. गेस्टला तेवढ्याच आकाराची डिस्क दिसते. ‘एलएसब्लॉक’मध्ये असा चिमुकला आकडा दिसला की तिथेच थांबा. कारण जुनी, डेटा असलेली फाइल असेल तर गेस्टला आकार बरा दिसतो पण पार्टिशन दिसत नाही, कोणीतरी म्हणतं ‘डिस्क कोरी दिसतेय, फॉरमॅट करू’, आणि पहिल्या काही सेक्टरबरोबर क्यूकाउ२चा हेडर आणि तक्ते पुसले जातात. डेटा फाइलीत कुठेतरी पडून असतो, पण कुठला तुकडा कुठला हे सांगणारा नकाशा गेलेला असतो. पूर्ण ओळ अशी हवी: ‘व्हर्श अटॅच-डिस्क वेब१’, फाइलीचा पूर्ण पाथ, ‘व्हीडीबी --ड्रायव्हर क्यूएमू --सबड्रायव्हर क्यूकाउ२ --लाइव्ह --कॉन्फिग’.

इथे ‘व्हीडीबी’ म्हणजे गेस्टमध्ये डिस्कला तेच नाव मिळेल असं वचन नव्हे. त्या नावावरून बस ठरते, व्हीडी म्हणजे व्हर्टआयओ, एवढंच. गेस्टमध्ये नाव कुठलंही येऊ शकतं. म्हणून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी वापरा, किंवा ‘--सीरियल’ने डिस्कला ओळख द्या, ती गेस्टमध्ये ‘बाय-आयडी’खाली दिसते. व्हर्टआयओ डिस्कचा सीरियल २० अक्षरांपर्यंतच पोचतो, तेव्हा नाव आटोपशीर ठेवा.

चालू मशीनला डिस्क जोडता न येण्याची कारणं मोजकीच आहेत. आयडीई आणि साटा बसवर चालू असताना डिस्क जोडता येत नाही. व्हर्टआयओ किंवा स्कझी घ्या. क्यू३५ प्रकारच्या मशीनमध्ये ‘नो मोअर अव्हेलेबल पीसीआय स्लॉट्स’ अशी एरर आली तर मोकळे रूट पोर्ट संपलेत. ‘एडिट’मध्ये जाऊन ‘पीसीआयई-रूट-पोर्ट’ मॉडेलचे चार-सहा कंट्रोलर जास्तीचे टाका, मशीन बंद करून सुरू करा, आणि पुढच्या वेळेसाठीही ते राहू द्या. ‘परमिशन डिनाइड’ आलं आणि फाइल कोणाच्या होम डिरेक्टरीत असेल, तर लिबव्हर्ट फाइलीची मालकी स्वतः बदलून घेतं पण वरच्या डिरेक्टरींना हात लावत नाही, हे लक्षात घ्या. क्यूएमूच्या युजरला त्या डिरेक्टरीतून आत शिरताच येत नसतं. फाइल लिबव्हर्टच्या ‘इमेजेस’ डिरेक्टरीत हलवणं हाच सरळ उपाय.

डिस्क काढताना गेस्टने सहकार्य करावं लागतं. आत माउंट असेल तर आधी अनमाउंट करा, आणि ‘डिटॅच-डिस्क’नंतर ‘डॉमब्लॉकलिस्ट’मध्ये ती खरंच गेलीय का ते बघा. ती जाईपर्यंत फाइल दुसऱ्या मशीनला जोडू नका.

आकार वाढवायला चालू मशीनवर ‘ब्लॉकरीसाइझ वेब१ व्हीडीए ४०जी’, बंद मशीनवर ‘क्यूएमू-इमेज रीसाइझ’. चालू मशीनच्या फाइलीवर दुसरी कमांड चालवू नका. फाइलीवरचं लॉक सहसा अडवतं, आणि ते लॉक मोडून पुढे जायचा मोह धरू नका. एककाचा घोळ इथेही आहे: ‘ब्लॉकरीसाइझ’मध्ये नुसता आकडा म्हणजे किबीबाइट, तर ‘व्हॉल-रीसाइझ’मध्ये नुसता आकडा म्हणजे बाइट. ‘ब्लॉकरीसाइझ’ला ‘४०’ एवढंच लिहिलं तर ती डिस्क ४० केबीवर आणायची आज्ञा ठरते, आणि डेटा कापला जाऊ शकतो. डिस्क मोठी झाली तरी गेस्टमधलं पार्टिशन आपोआप वाढत नाही. तिथे ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन वाढवा, मग एक्स्ट४ असेल तर ‘रीसाइझ२एफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’.

नेटवर्क

‘अटॅच-इंटरफेस’ देताना ‘--मॅक’ नेहमी स्वतः लिहा, ५२:५४:०० या क्यूएमूच्या उपसर्गाने सुरू होणारा. लिहिला नाही तर लिबव्हर्ट स्वतः एक बनवतं. कोणी आधी ‘--लाइव्ह’ दिलं आणि आठवण झाल्यावर तीच कमांड ‘--कॉन्फिग’ने पुन्हा दिली, की दोन प्रतींत दोन वेगळे पत्ते बसतात. पुढच्या सुरुवातीला गेस्टला ते नवंच कार्ड वाटतं, डीएचसीपीकडून आयपी बदलून येतो, आणि जुन्या मॅकवर बेतलेलं कॉन्फिग लागू होत नाही.

केबल काढल्यासारखं करून पाहायचं असेल तर ‘डॉमआयएफ-सेटलिंक’ला मॅक आणि ‘डाउन’ द्या. कार्ड काढून परत जोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दोन प्रतींचा नियम लिबव्हर्टच्या नेटवर्कलाही लागू आहे. ‘नेट-एडिट’ने फक्त लिहून ठेवलेली प्रत बदलते. ती लागू करायला लोक ‘नेट-डिस्ट्रॉय’ आणि ‘नेट-स्टार्ट’ करतात, आणि त्या नेटवर्कवरच्या सगळ्या चालू मशीनची कार्डं ब्रिजवरून सुटतात. ब्रिज परत आला तरी ती आपोआप जोडली जात नाहीत. एका मशीनला ठरावीक आयपी द्यायचा एवढंच काम असेल तर ‘नेट-अपडेट’ने डीएचसीपीची नोंद ‘--लाइव्ह --कॉन्फिग’ दोन्ही देऊन टाका, कोणाचीच जोडणी तुटत नाही.

एक्सएमएलला हात लावताना

लिहून ठेवलेली प्रत ‘/ईटीसी/लिबव्हर्ट/क्यूएमू’ मध्ये मशीनच्या नावाच्या एक्सएमएल फाइलीत असते. फाइलीच्या डोक्यावरच इशारा आहे की ही आपोआप तयार होते, बदल करायचा तर ‘व्हर्श एडिट’ वापरा. तो पाळा. लिबव्हर्टच्या डीमनकडे (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रामकडे) स्वतःची प्रत मेमरीत असते. तुमचा हाताने केलेला बदल त्याला दिसत नाही, आणि पुढच्या वेळी डीमन फाइल लिहील तेव्हा तुमचा बदल पुसला जातो.

‘एडिट’मध्ये चूक झाली तर सेव्ह करताना ते थांबवतं आणि पुन्हा प्रयत्न करायचा का विचारतं. तिथे तपासणी टाळून पुढे जायचा ‘आय’ हा पर्याय असतो. तो निवडू नका. न ओळखलेला टॅग तेव्हा मुकाट्याने टाकून दिला जातो, आणि तुम्हाला वाटतं सेटिंग बसलं.

बदल करण्याआधी प्रत काढून ठेवायची ती ‘डंपएक्सएमएल --इनअ‍ॅक्टिव्ह --सिक्युरिटी-इन्फो’ने. दुसरा फ्लॅग नसेल तर व्हीएनसीचा पासवर्ड त्या प्रतीत येत नाही, आणि ती प्रत ‘डिफाइन’ केली की कन्सोल पासवर्डविना उघडा पडतो. अर्थात मग त्या फाइलीत पासवर्ड उघडा असतो, तेव्हा तिची परवानगी फक्त रूटपुरती ठेवा.

स्क्रिप्टमधून बदल करायचे तर एक्सएमएल ‘सेड’ने कापण्यापेक्षा ‘व्हर्ट-एक्सएमएल’ घ्या. ‘व्हर्ट-एक्सएमएल वेब१ --एडिट --सीपीयू होस्ट-पासथ्रू --प्रिंट-डिफ’ दिलं की काय बदलेल ते दिसतं आणि प्रत्यक्षात काही बदलत नाही. डिफ पटला की शेवटचा फ्लॅग काढून तीच ओळ पुन्हा द्या. तीही डिफॉल्टने फक्त लिहून ठेवलेली प्रत बदलते. चालू मशीनवर बदल हवा तर ‘--अपडेट’ लागतो.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांसाठी हीच रेघ कमांडच्या नावातच ओढलेली आहे: ‘मॉडिफायव्हीएम’ बंद मशीनसाठी, ‘कंट्रोलव्हीएम’ चालू मशीनसाठी. चालू मशीनवर पहिली दिली तर मशीन सेशनसाठी लॉक असल्याची एरर येते. लवचीकता कमी, पण गोंधळही कमी.

आणि शंका उरलीच तर ‘/व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूएमू’ मधला त्या मशीनचा लॉग उघडा. मशीन प्रत्येक वेळी सुरू होताना लिबव्हर्ट तिथे वेळेसकट क्यूएमूची पूर्ण कमांड लिहितं. शेवटच्या नोंदीत ‘-एम’ समोर मेमरी आणि ‘-एसएमपी’ समोर प्रोसेसर दिसतील. ८ जी हवे असतील तर तिथे ८३८८६०८ हा किबीबाइटचा आकडा (जुन्या लिबव्हर्टमध्ये ८१९२ हा मेबीबाइटचा) असायला हवा. तो नसेल तर त्या नोंदीची वेळ बघा. ती तुमच्या बदलाच्या आधीची असेल, तर मशीन अजून जुन्याच प्रोसेसवर चाललंय.